स्थिर विद्युत् आणि तिची आभासशास्त्रीय स्पष्टीकरणे

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत नागपूरकरांस एक अनुभव वारंवार येतो. अंगातून स्वेटर काढताना तडतड असा बारीक आवाज होतो. अंधार असल्यास निळसर ठिणग्याही दिसतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीस हात लावावा, तो बोटास सुई टोचल्याप्रमाणे चटका बसतो. कृत्रिम धाग्याची साडी पायांस लपेटून राहते आणि कोरड्या केसांतून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. भौतिकीच्या अभ्यासकास या घटनेत नवल वाटण्याजोगे फारसे नाही. नवल वाटते ते तिच्या प्रचलित स्पष्टीकरणांचे. ‘अंगात करंट वाढला आहे’, ‘रक्तातील लोहामुळे शरीराचे चुंबक झाले आहे’, ‘मातीवर अनवाणी चालणे सुटले म्हणून शरीरात रोगकारक वीज साचते’, ‘ज्याचे तेजोवलय प्रबळ त्यालाच असा झटका बसतो’, अशी विधाने सुशिक्षितांच्या बैठकीतही गंभीरपणे केली जातात.

या विधानांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांत भूतपिशाच नाही, ग्रहदशा नाही, करणी नाही. वीज, चुंबक, इलेक्ट्रॉन, ऊर्जा हे सर्व शब्द विज्ञानाच्या कोशातून उचललेले आहेत. म्हणूनच त्यांस केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारता येत नाही. आपल्या न्यायशास्त्रात ‘हेत्वाभास’ ही संज्ञा आहे. जो हेतूसारखा दिसतो, परंतु हेतूचे कार्य करीत नाही, तो हेत्वाभास होय. त्याच धर्तीवर, जे शास्त्रासारखे दिसते परंतु शास्त्राचे कार्य करीत नाही, त्यास ‘आभासशास्त्र’ म्हणावयास हरकत नसावी. अशा काही स्पष्टीकरणांची परीक्षा करणे, ती कोठे फसतात हे आकड्यांनिशी दाखविणे आणि या फसगतीची किंमत कधीकधी प्राणांनी कशी मोजावी लागते याकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. घटनेचे स्वरूप

दोन भिन्न पदार्थांचे पृष्ठभाग परस्परांस चिकटून विलग झाले म्हणजे एकावर धन व दुसऱ्यावर ऋण भार उरतो. या विद्युतेस आपण ‘घर्षणजन्य’ म्हणतो, पण हे नाव किंचित् दिशाभूल करणारे आहे. मूळ कारण स्पर्श आणि वियोग हे होय. घासण्याने खऱ्या स्पर्शाचे क्षेत्र वाढते, इतकेच. कोणता पदार्थ कोणत्या पदार्थाशी धन होतो व कोणाशी ऋण, याची पहिली क्रमवारी योहान कार्ल विल्के याने १७५७ साली प्रसिद्ध केली. काच, लोकर, नायलॉन ही सामान्यतः तिच्या धन टोकाकडे येतात. पॉलिएस्टर, पॉलिथीन, टेफ्लॉन ही ऋण टोकाकडे येतात. लोकरी स्वेटर व पॉलिएस्टरचा सदरा यांची जोडी तडतडते ती यामुळेच.

आता परिमाणे पाहू. जमिनीच्या संदर्भात मानवी शरीराची विद्युत् धारणा साधारणतः १०० ते २०० पिकोफॅरड असते. ती १५० धरली आणि खुर्चीवरून उठणाऱ्या मनुष्याचे शरीर १०,००० व्होल्टांपर्यंत चढले असे मानले, तर शरीरावरील भार १.५ मायक्रोकूलंब आणि साठलेली ऊर्जा ७.५ मिलिजूल इतकी येते. हवा दर सेंटिमीटरास सुमारे ३०,००० व्होल्टांचा ताण सोसते व त्यापलीकडे फुटते. यास्तव १०,००० व्होल्टांस ठिणगीची लांबी सुमारे ३ मिलिमीटर भरावी, आणि अनुभवही जवळजवळ तसाच आहे. दाब मोठा असूनही इजा होत नाही, कारण भार अत्यल्प असतो आणि तो सेकंदाच्या अत्यंत सूक्ष्म अंशात संपून जातो. तीन हजार व्होल्टांच्या आतील झटका तर बहुतेकांस जाणवतही नाही.

भार साचणार की निसटून जाणार, हे गळतीच्या मार्गावर अवलंबून असते. पायाखालील मार्गाचा रोध शंभर कोटी ओहम असेल, तर वरील धारणेच्या शरीरावरील भार सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात बराचसा ओसरतो. हाच रोध प्लॅस्टिकच्या तळव्यामुळे हजारपट वाढला, तर तेवढ्याच ओसरणीस अडीच मिनिटे लागतात. मनुष्य, सदरा व खुर्ची तीच राहूनही एका दिवशी झटका बसतो व दुसऱ्या दिवशी बसत नाही, याचे रहस्य या हजारपटीच्या फरकात आहे.

२. चार स्पष्टीकरणांची परीक्षा

(अ) ‘अंगात वीज जास्त झाली.’ हे स्पष्टीकरण सर्वांत साधे व म्हणून सर्वांत लोकप्रिय आहे. मोलियेरच्या १६७३ सालच्या एका प्रहसनात, अफूने झोप का येते या प्रश्नास ‘अफूत निद्राकारक गुण आहे म्हणून’ असे उत्तर देणारा वैद्यकीचा उमेदवार आहे. ‘अंगात वीज आहे म्हणून झटका बसतो’ हे उत्तर त्याच जातीचे होय. न्यायशास्त्राच्या भाषेत यास आत्माश्रय म्हणता येईल. त्यातील ‘जास्त’ या शब्दाचे मात्र मोजमाप करता येते. १.५ मायक्रोकूलंब म्हणजे सुमारे दहा लक्ष कोटी इलेक्ट्रॉन. आकडा मोठा वाटतो खरा. परंतु सत्तर किलोग्रॅम वजनाच्या देहात एकूण इलेक्ट्रॉन दोनावर अठ्ठावीस शून्ये इतके असतात. म्हणजे वीस कोटी कोटी इलेक्ट्रॉनांमागे एकाची वाढ अथवा घट झाली की आपण दचकतो. शिवाय हा भार शरीराच्या अंतर्भागात नसतो. शरीर वाहक असल्यामुळे तो त्वचेच्या पृष्ठभागावर राहतो. रक्त, पित्त वा मज्जातंतू यांच्याशी त्याचा संबंध जोडण्यास आधार नाही. एखाद्यास झटके अधिक बसत असतील, तर त्याची प्रकृती तपासण्यापूर्वी त्याची पादत्राणे तपासावीत हे बरे.

(आ) ‘शरीराचे चुंबक झाले.’ विद्युताकर्षण व चुंबकाकर्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विल्यम गिल्बर्टने आपल्या १६०० सालच्या ग्रंथात स्पष्ट केले. घासलेले अंबर सर्व हलक्या वस्तूंस ओढते, लोहचुंबक केवळ लोहवर्गीयांस ओढतो. अंबराचा प्रभाव ओलाव्याने नाहीसा होतो, चुंबकाचा होत नाही. चारशे वर्षांपूर्वी केलेला हा भेद अद्यापि आपल्या घराघरांत पोहोचलेला नाही. रक्तातील लोहाचा दाखला दिला जातो. परंतु प्रौढ देहातील एकूण लोह चारेक ग्रॅम असते आणि ते लोखंडाच्या कणांच्या रूपात नसून मुख्यत्वे हिमोग्लोबिनच्या रेणूंत बांधलेले असते. ऑक्सिजनयुक्त रक्त तर चुंबकाकडून अतिशय क्षीणपणे दूरच लोटले जाते, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कॉरियेल यांनी १९३६ साली दाखविले.

या संदर्भात महाराष्ट्रातील एक अलीकडील उदाहरण उद्बोधक आहे. जून २०२१ मध्ये, करोनाप्रतिबंधक लसीकरण चालू असता, लसीची दुसरी मात्रा घेतल्यापासून आपल्या अंगास नाणी, चमचे व स्टीलची भांडी चिकटतात, असा दावा नाशिक येथील एका गृहस्थांच्या बाबतीत करण्यात आला. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. लसीत चुंबकत्व उत्पन्न करणारे काही नाही, असा खुलासा शासकीय यंत्रणेस करावा लागला. अशा प्रसंगी चुंबकाचा पक्ष सोडून ‘ही स्थिर विद्युत् असावी’ असे म्हणणारे भेटतात. हा पक्ष अधिक शास्त्रीय वाटतो, यास्तव त्याची परीक्षा अधिक काळजीने केली पाहिजे.

सामान्य हवेत विद्युत् क्षेत्राची कमाल मर्यादा दर मीटरास सुमारे तीस लक्ष व्होल्ट आहे. या मर्यादेस भारित पृष्ठभागावर पडणारी ओढ दर चौरस मीटरास सुमारे ४० न्यूटन इतकी निघते. आता कागदाचा विचार करा. लिहिण्याच्या कागदाचे वजन दर चौरस मीटरास ८० ग्रॅम, म्हणजे एक न्यूटनाहूनही कमी. पातळ साडीचेही साधारण तितकेच. म्हणून कागद व साडी सहज चिकटतात. याउलट ६ ग्रॅम वजनाचे व २.३ सेंटिमीटर व्यासाचे नाणे घेतले, तर त्याचे वजन त्याच्या क्षेत्राच्या मानाने दर चौरस मीटरास सुमारे १४० न्यूटन भरते. ते तोलण्यास स्थिर विद्युत् असमर्थ आहे. त्याहून मूलभूत आक्षेप असा की, त्वचा व धातू हे दोन्ही वाहक असल्याने ते परस्परांस टेकताच त्यांच्यातील विभवभेद नाहीसा होतो. आकर्षण टिकण्यास कारणच उरत नाही. मग नाणे का चिकटते? घामाने व त्वचेच्या तेलकट स्रावाने. छातीवर वा कपाळावर टाल्कम पावडर चोळून प्रयोग पुन्हा करावा. चुंबकत्व पावडरीने नष्ट होत नाही, चिकटपणा मात्र होतो. आणखी एक सोपी कसोटी अशी की, खऱ्या चुंबकास तांबे, पितळ वा ॲल्युमिनियम चिकटत नाही.

(इ) ‘अनवाणी चालून पृथ्वीपासून इलेक्ट्रॉन घ्यावेत.’ हे मत अमेरिकेतून आले व २०१० नंतर पुस्तके, चटया व चादरी यांच्या द्वारा जगभर पसरले. शरीर जमिनीशी जोडले की पृथ्वीतील मुक्त इलेक्ट्रॉन देहात शिरून दाह शमवितात, असा त्याचा आशय आहे. अनवाणी चालण्याने शरीरावरील स्थिर भार निघून जातो, हे पूर्ण सत्य आहे. परंतु एवढ्या सत्याच्या खुंटीवर केवढे ओझे टांगले आहे ते पाहा. आपण वर मोजलेले दहा लक्ष कोटी इलेक्ट्रॉन रसायनशास्त्राच्या मापाने एका मोलाच्या शंभर कोटीव्या भागाचाही साठावा हिस्सा भरतात. आता नागपूरचे एक संत्रे घ्या. त्यात अवघे ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व धरले आणि त्याच्या प्रत्येक रेणूने दोन इलेक्ट्रॉन दिले असे मानले, तर एका संत्र्यातून मिळू शकणारे इलेक्ट्रॉन त्या झटक्यातील इलेक्ट्रॉनांच्या दोन कोटी पटींहून अधिक होतात. ‘प्रवाह अखंड चालू राहतो’ असे उत्तर यावर दिले जाते. पण मंडल पूर्ण नसता, शरीराचे विभव जमिनीइतके होताच प्रवाह थांबलाच पाहिजे. प्रातःकाळी हिरवळीवर चालण्याचा आनंद व व्यायाम यांस या हिशेबाने काही उणेपणा येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनांस साक्षीला बोलाविण्याचे प्रयोजन नाही, एवढेच.

(ई) ‘तेजोवलयाचे छायाचित्र.’ सोव्हिएत संघातील सेम्यॉन किर्लियन यांनी १९३९ च्या सुमारास उच्च विद्युत् दाबाखाली हात किंवा पान यांची प्रभायुक्त छायाचित्रे घेण्याची रीत शोधून काढली. ती प्रभा म्हणजे हवेतील विद्युत् विमोचन होय. स्वेटर काढताना दिसणाऱ्या निळसर ठिणग्यांची ती सख्खी बहीण आहे. अशा छायाचित्रांतील बहुतेक फेरफारांचे मूळ वस्तूच्या ओलाव्यात आहे, असे १९७६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. बोटास घाम आला की प्रभा बदलते. त्या बदलास चिंता, आनंद वा अध्यात्म अशी नावे देणे म्हणजे घामासच मानसशास्त्राची वस्त्रे नेसविणे होय.

३. इतिहासाची साक्ष

अशा कल्पना केवळ अज्ञ जनांच्याच असतात, हा समज अभिमानास सुखविणारा असला तरी खरा नाही. ज्या गिल्बर्टने विद्युत् व चुंबक यांचा भेद दाखविला, त्यानेच विद्युताकर्षणाचे कारण म्हणून अंबरातून निघणाऱ्या एका सूक्ष्म ‘उत्सर्गा’ची कल्पना केली होती. पुढे फ्रांझ मेस्मरने ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाचा सर्वव्यापी द्रव कल्पून त्याच्या बळावर रोग्यांवर उपचार आरंभिले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या चौकशी मंडळात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते. त्यांची पद्धती मननीय आहे. त्यांनी द्रव आहे की नाही यावर वाद घातला नाही. रुग्णांचे डोळे बांधले. चुंबकत्व दिले जात असता ते दिल्याचे रुग्णास ठाऊक नसेल, तर परिणाम होत नसे. आणि दिले जात नसता दिल्याचे सांगितले, तर परिणाम होई. कारण द्रवात नसून कल्पनेत आहे, हा निष्कर्ष त्यावरून निघाला.

१७९६ साली अमेरिकेतील वैद्य एलिशा पर्किन्स याने धातूच्या दोन टोकदार दांड्यांचे स्वामित्व मिळविले. त्या अंगावरून ओढल्या की वेदनेस कारणीभूत असलेले ‘विद्युत् द्रव्य’ बाहेर खेचले जाते, असा त्याच्या पंथाचा दावा होता. इंग्लंडमधील बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी १७९९ साली धातूसारख्या रंगविलेल्या लाकडी दांड्या वापरल्या, आणि रुग्णांस आराम तितकाच पडला.

ही दोन्ही उदाहरणे आपल्या परंपरेतील अन्वय-व्यतिरेकाचीच आहेत. कारण असता कार्य असावे, हा अन्वय. कारण नसता कार्य नसावे, हा व्यतिरेक. आभासशास्त्र अन्वयावर जगते. ‘अनवाणी चाललो, बरे वाटले’ हा अन्वय झाला. व्यतिरेकाची परीक्षा ते टाळते, कारण तेथेच त्याचे मरण असते. कावळा बसावयास व फांदी मोडावयास गाठ पडली, या काकतालीय न्यायाची आठवण अशा वेळी ठेवणे उपयुक्त ठरते.

४. एक अर्धसत्य : ‘हिवाळ्यात हवा कोरडी असते’

येथवर इतरांच्या चुका पाहिल्या. आता ज्या उत्तरास आपण सर्वजण बरोबर मानतो, त्याकडे वळू. ‘हिवाळ्यात हवा कोरडी असते, ओली हवा विजेची वाहक असल्याने पावसाळ्यात भार निघून जातो’, हे उत्तर पाठ्यपुस्तकांतही आढळते. यात दोन दोष आहेत.

पहिला दोष असा की, बाष्पयुक्त हवा विजेची चांगली वाहक नाही. बाष्पाचे रेणू उदासीन असतात. ओलाव्याचे कार्य हवेत होत नाही, ते पृष्ठभागावर होते. काच, धागा, त्वचा व फरशी यांवर जलाचा अतिसूक्ष्म थर बसतो. त्यात विरघळलेल्या आयनांमुळे तो थर वाहक बनतो व भारास निसटण्याची वाट मिळते. म्हणूनच पदार्थागणिक फरक पडतो. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतो, नायलॉन चारच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती धोतर व सुती लुगडे यांच्या काळात हे झटके विरळ आणि कृत्रिम धाग्यांच्या काळात वारंवार, असे का, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

वस्त्रोद्योगाने हे फार पूर्वी ओळखले होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूरची कोरडी हवा सुतास मानवणारी नव्हती. कोरडे सूत तुटते, तंतू परस्परांस दूर लोटून विस्कटतात आणि यंत्रास चिकटतात. हवा दमट राखणारी यंत्रे बसविण्यात ही गिरणी भारतात अग्रेसर होती. ती गिरणी आता राहिली नाही. परंतु स्थिर विद्युत् आणि आर्द्रता यांच्या संबंधाचा पाठ नागपूरच्या भूमीवर एका संपूर्ण उद्योगाने गिरविला होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी.

दुसरा दोष अधिक रोचक आहे. नागपुरात दुपारची सापेक्ष आर्द्रता सर्वांत कमी असते ती एप्रिल-मे महिन्यांत, हिवाळ्यात नव्हे. केवळ हवेची कोरड हेच कारण असते, तर झटक्यांचा कहर वैशाखात व्हावयास हवा होता. तक्रारी मात्र थंडीत अधिक ऐकू येतात. याची उपपत्ती लावताना तीन गोष्टी पुढे येतात. उन्हाळ्यात लोकर व ब्लँकेट पेटीत जातात आणि सुती कपडे अंगावर येतात. घामाने त्वचा व कपडे ओलसर राहतात. आणि घरोघरी वाळ्याचे वा लाकडी गवताचे कूलर सुरू होतात. कूलर हे घरातल्या घरात चाललेले आर्द्रताकारक यंत्रच होय. बाहेर हवा भट्टीसारखी कोरडी असता खोलीच्या आत मात्र श्रावणासारखा दमटपणा असतो.

ही उपपत्ती कितीही मोहक वाटली तरी ती तपासल्यावाचून स्वीकारू नये. अन्यथा आपल्यात आणि तेजोवलयवाल्यांत भेद तो काय राहिला? तपासणीही कठीण नाही. मे महिन्यात दुपारी एकाच खोलीत, एकाच व्यक्तीने, तेच कपडे घालून, त्याच खुर्चीवरून ठराविक वेळा उठावे. एकदा कूलर चालू असता, एकदा बंद असता. दर वेळी आर्द्रतामापकाचे वाचन घ्यावे आणि शरीराचे विभव विद्युन्मापकाने मोजावे. कूलरच्या दिवशी व बिनकूलरच्या दिवशी फरक पडला नाही, तर वरील उपपत्तीतील तिसरा मुद्दा खोटा ठरेल. आपण खोटे ठरू शकतो ही शक्यता मान्य करणे, हेच शास्त्रीय स्पष्टीकरणाचे मुख्य लक्षण होय, असे कार्ल पॉपर यांचे प्रतिपादन आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

५. न उलगडलेला भाग

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, स्पर्शाने भार का उत्पन्न होतो, याचे संपूर्ण उत्तर विज्ञानापाशी अद्यापि नाही. दोन धातूंच्या बाबतीत इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर समाधानकारक रीतीने समजते. निरोधक पदार्थांच्या बाबतीत इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचे सूक्ष्म तुकडेच एकाकडून दुसऱ्याकडे जातात, याविषयी मतभेद आहेत. भारित पृष्ठभागावर एकाच जातीचा भार सर्वत्र पसरलेला नसून धन व ऋण ठिपक्यांची बारीक नक्षी असते, असे २०११ साली आढळून आले. एकाच बहुवारिकाचे अगदी समान नमुने परस्परांस वारंवार टेकविले असता, कोणता नमुना पूर्वी किती वेळा टेकला होता यावर त्यांची धन-ऋण क्रमवारी ठरत जाते, असे ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. अंबराचे आकर्षण मनुष्यास सुमारे अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही हे कोडे सुटत आहे, सुटलेले नाही.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्यांनी आयुष्य या प्रश्नास वाहिले ते ‘अजून नीट कळलेले नाही’ असे म्हणतात, आणि ज्यांनी विद्युत्‌दर्शीही हाताळलेला नाही त्यांना सर्व काही कळलेले असते. तथापि या अपूर्णतेचा आधार घेऊन ‘मग आमचेही मत खरे असू शकेल’ असे म्हणता येत नाही. यंत्रणेविषयी मतभेद असले तरी भाराचे परिमाण, त्याची दिशा, त्याची गळती आणि ठिणगीची ऊर्जा यांविषयी मतभेद नाहीत. वर खोडून काढलेली चारही मते या निश्चित भागाशीच विसंगत आहेत.

६. चुकीच्या स्पष्टीकरणाची किंमत

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, कोणी अंगास चुंबक म्हटले तर बिघडले काय? बिघडते, आणि ते दोन प्रकारे.

क्षुल्लक वाटणारी ठिणगी सर्वत्र क्षुल्लक नसते. पेट्रोलच्या बाष्पाचे हवेशी योग्य मिश्रण पेटण्यास पाव मिलिजूलाच्या आसपास ऊर्जा पुरते. आपण मोजलेल्या ठिणगीत तिच्या तीसपट ऊर्जा आहे. तेलवाहू गाड्या रिकाम्या करण्यापूर्वी तारेने जमिनीशी जोडतात व दारूगोळ्याच्या कारखान्यांत पादत्राणांविषयीही कडक नियम असतात, ते यासाठीच. अशा पदार्थांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. ज्याच्या मते झटका तेजोवलयातून येतो, तो प्लॅस्टिकच्या डब्यात पेट्रोल भरताना तो डबा जमिनीवर का ठेवावा, हे कसे समजणार?

दुसरा प्रकार आपल्या अधिक निकटचा व अधिक भयंकर आहे. विदर्भात उन्हाळ्यामागून उन्हाळा कूलरच्या विजेने माणसे दगावतात. त्यांत बालकेही असतात. लोखंडी पेटी, पाण्याचा पंप, झिजलेले वेष्टन, ओली फरशी आणि निकामी अर्थिंग एवढी सामग्री त्यास पुरते. अशा दुर्घटनेपूर्वी कित्येकदा पेटीस हात लावला असता मुंग्या आल्यासारखे वाटलेले असते. त्या वेळी घरातील कोणी ‘अंगातला करंट आहे, होते असे कधीकधी’ असे म्हणून गेला, तर ते वाक्य प्राणघातक ठरू शकते. त्यावर ‘अनवाणी राहा, म्हणजे वीज जमिनीत जाईल’ असा उपदेश झाला, तर पाहावयासच नको. स्थिर विद्युतेचा झटका अनवाणी राहिल्याने टळतो. गळतीचा झटका अनवाणी पायांनी व ओल्या फरशीने अनेकपटींनी वाढतो. एकच उपाय एका प्रसंगी निरुपद्रवी आणि दुसऱ्या प्रसंगी मृत्यूस आमंत्रण देणारा आहे.

म्हणून या दोहोंतील भेद प्रत्येकाने जाणून घेतला पाहिजे. स्थिर विद्युतेचा झटका एकदाच बसतो, ठिणगीसह बसतो आणि लगेच पुन्हा स्पर्श केला असता बसत नाही. तो दाराच्या कडीपासूनही, म्हणजे विजेशी संबंध नसलेल्या वस्तूपासूनही बसतो. गळतीमुळे होणारी झिणझिण स्पर्श असेतोवर चालू राहते, घरातील प्रत्येकास जाणवते, आणि उपकरणाचा संबंध वीजपुरवठ्याशी असतो. पहिल्या प्रकारात भार मायक्रोकूलंबांचा असून क्षणात संपतो. दुसऱ्या प्रकारात २३० व्होल्टांचा पुरवठा मागे अखंड उभा असतो. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. दहाच्या सुमारास स्नायू आखडून हात सुटत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. तेव्हा विजेच्या उपकरणापासून झिणझिण जाणवली, तर ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहण्यासाठी पुन्हा हात लावू नये. प्रथम मुख्य कळ बंद करावी, पिन काढावी व जाणकार तंत्रज्ञाकडून अर्थिंग आणि वेष्टन तपासून घ्यावे. कूलरमध्ये पाणी भरतानाही हाच नियम पाळावा. तीस मिलिअँपिअरांस तुटणारा गळतीरोधक खटका घरात बसविणे हा खर्च नसून विमा होय.

भारतीय संविधानात १९७६ साली समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे एक कर्तव्य सांगितले आहे. ते व्याख्यानांनी थोडे आणि प्रसंगी दिलेल्या नेमक्या उत्तरांनी अधिक साधेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. येत्या उन्हाळ्यात शेजारी कोणी ‘कूलरला हात लावला की अंगात करंट येतो’ असे सहज बोलून गेले, तर भौतिकीच्या विद्यार्थ्याने हसून विषय बदलू नये. त्या घरी जाऊन आधी पिन काढावयास सांगावे. इलेक्ट्रॉनांची गोष्ट त्यानंतर सांगता येईल.